लदेणीचा खेळ

मिना राठोड पुण्याहून परत आली तेव्हा कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात सगळ्यांना वाटलं, पोरगी सुट्टीला आली. बाप धर्मसिंग गल्ल्यावर बसून ट्रकवाल्यांना सांगायचा, "माझी मिना. कॉम्प्युटरचे खेळ बनवते. विलायतचे लोक खेळतेत तिचे खेळ." ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. मिनानं सात वर्षं दगड बनवले होते.

पुण्यातली तिची कंपनी परदेशातल्या बड्या गेम कंपन्यांची कंत्राटी कामं घ्यायची. अमेरिकेत नाहीतर युरोपात पाच-सहाशे माणसं मिळून वर्षानुवर्षं एकच खेळ करत, आणि त्यातली झाडं, पिंपं, भिंती, पायऱ्या पुण्यासारख्या ठिकाणी घडत. मिनाच्या वाट्याला दगड आले. शेवाळलेले, तडकलेले, बर्फातले, रक्त लागलेले. तिकडून दुरुस्त्या यायच्या, शेवाळ अजून ओलं दिसू द्या. ती करून द्यायची. खेळ निघाला की हौसेनं उघडून बघायची, तर खेळणारा घोड्यावरून भरधाव त्या दगडांशेजारून निघून जायचा. एका खेळाच्या शेवटी नामावळीत तिचं नाव आलं, तेही 'मीरा रॅथॉड' असं. मग तिकडे एक महागडा खेळ बाजारात आपटला, कंत्राट तुटलं आणि पुण्यातला अख्खा मजला रिकामा झाला.

ढाब्याच्या वरच्या खोलीत सोयाबीनची पोती आणि थंड्याच्या बाटल्यांचे रिकामे क्रेट पडलेले असायचे. मिनानं ती खोली झाडून घेतली, इन्व्हर्टर लावला, नाक्यावर आलेलं इंटरनेट वर ओढलं. तिच्या डोक्यात कॉलेजपासून एक गोष्ट घट्ट बसली होती. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना योगेश चव्हाणनं बाजारातून एक जुनं जपानी हातातलं खेळयंत्र आणलं होतं. योगेश सिद्धेश्वर धरणाजवळच्या बंजारा तांड्यातला, तिच्याच वर्गातला. मागच्या बाकावर दोघं आळीपाळीनं खेळायचे. तेव्हा मिनाला जाणवलं होतं की विलायतेतले मोठे खेळ डोळ्यांपासून सुरू होतात. आधी डोंगर, किल्ला, पाऊस असं सगळं देखणं उभं करायचं आणि मग त्यात माणसानं करायचं काय ते शोधायचं. बहुतेक वेळा गोळ्या घालणं सापडायचं. तिला आवडलेले जपानी खेळ मात्र हातापासून सुरू व्हायचे. एक उडी, एक धक्का, एक फुंकर. ती एवढीशी गोष्ट हाताला गोड लागेपर्यंत घोटायची आणि तिला पुरेल एवढंच जग भोवती रचायचं.

"तसं एक आपलं करायचं," ती योगेशला म्हणाली. योगेश तेव्हा घरी बसून एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचा आणि दर शनिवारी मोटारसायकलवर नाक्याला यायचा. दोन्ही घरांत त्यांचं लग्न ठरल्यासारखंच होतं, तारीख तेवढी काढायची राहिली होती.

"कशाचं करणार?" त्यानं विचारलं.

ते तिला तिच्या आत्यानं दिलं, आणि तेही न कळत. नानीबाई, धर्मसिंगची विधवा बहीण, ढाब्यामागं राहायची. तिच्या दोन म्हशी होत्या. दिवस कलला की ती बांधावर उभी राहून एक लांबलचक हाळी द्यायची आणि म्हशी ओढ्यातून बाहेर पडायच्या. एकच हाळी. म्हशींनी वेळ लावला तरी ती दुसरी द्यायची नाही, नुसती उभी राहायची.

"आत्या, आणखी एकदा काहून न्हाई हाक मारत?"

"घडी घडी हाक मारली तर जनावराला कळतं, हिला आपली गरज हाय," नानीबाई म्हणाली. "मंग ते ऐकत न्हाई. हाक पुरवून वापरावी लागते, बाई."

मिनाला तिथंच खेळ सापडला. मिनाचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरतीला लदेणी म्हणत. रेल्वे आली, धंदा बुडाला आणि तांडे जिथल्या तिथं थांबले. मिनाच्या खेळात तशी एक लदेणी होती. पन्नासेक बैल, पुढं धोळो नावाचा पांढरा बैल, आणि खेळणाऱ्याकडे फक्त एक बटण, हाळीचं. थोडं दाबलं तर आखूड हाळी, धरून ठेवलं तर लांब. हाळीवर बैल वळतात, थांबतात, पाण्याला उतरतात. पण उगाच हाळ्या देत सुटलं की ते ऐकेनासे होतात, आणि मीठ लादलेला कळप दिवस बुडून कडूसं पडताना जंगलात फुटतो. हत्यार नाही, शत्रू नाही. बैल, पाणी आणि आपला आवाज.

योगेशनं बँकेचं काम कमी केलं आणि बैलांची अक्कल लिहायला घेतली. हाळी रेकॉर्ड करायला ते नानीबाईला मोटारसायकलवर मधे बसवून सिद्धेश्वरला घेऊन गेले. धरणाचं पाणी उतरलं होतं, गाळाला भेगा पडल्या होत्या. नानीबाई आधी लाजली, मग तिनं पदर खोचला आणि अशी हाळी दिली की पलीकडचे मासेमारीवाले होडीत उभे राहून बघायला लागले.

दीड वर्षानं वीसेक मिनिटांचा डेमो तयार झाला. त्यांनी तो इंटरनेटवरच्या एका महोत्सवात ठेवला आणि धडाधड पत्रं यायला लागली. ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलं, धोळो पाण्यातून वर आला तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. मिना ते धर्मसिंगला, नानीबाईला, ढाब्यावरच्या आचाऱ्याला, ज्याला त्याला वाचून दाखवायची.

पहिली बोलणी जपानहून आली. क्योतोमधल्या एका कंपनीच्या छोट्या विभागातली हातोरी नावाची पन्नाशीची बाई व्हिडिओवर आली. धर्मसिंगनं तिचं नाव हातोडीबाई करून टाकलं. तिनं नमस्कार केला आणि त्यांच्यादेखतच डेमो खेळायला घेतला. मिना आणि योगेश पडद्यावर नुसता तिचा वाकलेला भांग बघत बसले. अर्ध्या तासानं तिनं मान वर केली.

"हाक चांगली आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "बाकीचं बरंचसं काढून टाका."

"बाकीचं म्हणजे?"

"हा बाजार."

खेळात एक बाजार होता. मिनानं तो वसमतच्या हळदबाजारावरून घेतला होता. हळदीचे ढीग, उन्हात तरंगणारी पिवळी धूळ, तराजूशी बसलेली माणसं. तीन महिने ती त्यावर राबली होती. दगडांच्या सात वर्षांत जे जे करता आलं नव्हतं ते सगळं तिनं त्या बाजारात ओतलं होतं.

"तो सुंदर नाही का?" मिनानं विचारलं.

"फार सुंदर आहे. म्हणूनच काढा. तो आला की मी बैलांना विसरते."

हातोरीचं म्हणणं साधं होतं. दोघांच्या पोटापुरता पगार, हवा तेवढा वेळ, आणि खेळाचे हक्क त्यांच्याकडेच. पण दर महिन्याला ती खेळून बघणार, आणि हाळीच्या कामाचं नाही ते कापायला सांगणार. फोन ठेवल्यावर मिना कितीतरी वेळ खिडकीपाशी उभी राहिली. तिचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

पंधरा दिवसांनी दुसरा माणूस आला. एका बड्या पाश्चात्त्य प्रकाशक कंपनीचा ग्रेग, गोरापान, हसरा. त्याची पहिली वाक्यं बाजाराबद्दलच होती. तो बाजार बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. असे दहा बाजार हवेत. एवढ्या मोठ्या कल्पनेला वीस मिनिटं म्हणजे अन्याय आहे. अख्खा दख्खन उभा करू, जिकडे जावं तिकडे जाता येईल असा. पुण्यात स्टुडिओ काढा, हवी तेवढी माणसं घ्या. मिना खेळाची मुख्य दिग्दर्शक, योगेश स्टुडिओचा प्रमुख. जग याची वाट बघतंय.

त्या दिवशी योगेश आणि मिना ढाब्यामागं बाजेवर बसून बोलले.

"हातोडीबाई बरोबर म्हणून राहिली," मिना म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"बरोबर असंल. पण लहान ऱ्हाणं म्हणजे पुण्य हाय का, मिने? आपले बापजादे मुलूखभर फिरले आन् आपण ते एका बटणात कोंबायचं. काहून? आपल्याला मोठं करता येत न्हाई म्हणून?" योगेश उठून येरझारा घालायला लागला. "आन् जपान्यांचं काय कौतुक सांगतीस? त्यांच्या मोठ्या कंपन्यापन आता विलायतवाल्यांसारखंच करून राहिल्या. तेच मोठे नकाशे, त्याच तलवारी. तुझे ते लहान खेळ आपल्या कॉलेजच्या टायमाचे. ते जपान ऱ्हायलं न्हाई आता."

मिनाला हे खोडून काढायचंच नव्हतं. सात वर्षं जिच्या दगडांकडं कुणी वळून पाहिलं नाही, तिच्या बाजारासाठी एक माणूस डोळ्यांत पाणी आणत होता आणि एक बाई तो काढून टाका म्हणत होती. तिनं ग्रेगच्या करारावर सही केली. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. हातोरीला तिनं लांबलचक माफीचं पत्र लिहिलं. उत्तरात एवढंच आलं, "समजलं. मी चार महिने तुमची जागा धरून ठेवते. मन बदललं तर कळवा."

पुण्यात बाणेरला काचेचं ऑफिस झालं. चाळीस माणसं आली, त्यात योगेशच्या आणि मिनाच्या तांड्यातली शिकलेली पाच-सहा पोरंपोरीही होती. पहिलं वर्ष झकास गेलं. मिनानं नद्या केल्या, घाट केले, बाजार केले. चार महिने कधी सरले ते तिला कळलंही नाही.

मग तिकडून आलेख यायला लागले. दूरच्या कुठल्याशा शहरात माणसांना खोलीत बसवून खेळ खेळायला देत आणि त्यांचं लक्ष कुठं उडतं ते मोजत. चौथ्या मिनिटाला रेघ खाली यायची.

"इथे काहीतरी घडायला हवं," ग्रेग म्हणायचा.

"घडतं ना. बैल पाणी शोधतात," मिना म्हणायची.

"हो, आणि ते अप्रतिम आहे. पण काहीतरी घडायलाही हवं."

आधी लांडगे आले. लांडगे आले म्हणून काठी आली. काठी आली की तिचे प्रकार आले, प्रकार आले की ते मिळवायचे गुण आले. नकाशावर खुणांचे ठिपके उमटले, इकडं जा, तिकडं जा. उगाच हाळ्या दिल्या की बैल ऐकेनासे होतात ही गोष्ट खेळणाऱ्यांना आवडत नव्हती, त्यांना चूक केल्यासारखं वाटायचं. म्हणून बैल कायम ऐकायला लागले. त्या दिवशी मिना योगेशच्या केबिनमध्ये गेली.

"हाळीच गेली, योगेश. आता राहिलं काय?"

"हाळी हाय ना. आवाज तर तोच हाय आत्याचा."

"आवाज हाय. हाळी गेली."

योगेशनं डोळे चोळले. तो दिवसाचे चौदा तास काम करायचा, केस मधेमधे पिकले होते. "पुढची आवृत्ती धाडताना भांडू," तो म्हणाला. दर वेळी तो हेच म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी पश्चिमेत दुसऱ्याच कंपनीचा एक दरोडेखोरांचा खेळ तुफान चालला, आणि सगळ्या बड्या कंपन्या एका रात्रीत दरोडेखोर शोधायला लागल्या. ग्रेगनं मीटिंगमध्ये एक चित्र दाखवलं. त्यात लदेणीचा नायक होता, पिळदार मिशा, हातात बंदूक, मागं पेटलेलं गाव. धोळो कुठंतरी कोपऱ्यात होता, धुरात. वर नवं नाव, 'लुटारूंचा तांडा'.

"हे अस्सल आहे," ग्रेग उत्साहानं म्हणाला. "आमच्या संशोधकांनी इंग्रजांची जुनी पुस्तकं काढली. या जमातीला तेव्हा गुन्हेगार म्हणून नोंदवलं होतं. म्हणजे हा तुमचाच इतिहास."

खोलीत तांड्यातली पोरं बसली होती. कुणी वर बघेना. मिनाला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. "माझ्या पणजोबाला निजामाच्या काळात पोलीस पाटलाकडं हजेरी द्यावी लागायची. काही केलं होतं म्हणून नाही. जन्माला आला होता म्हणून. तो शिक्का पुसायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. तो तुम्ही खेळाचं नाव म्हणून लावताय."

ग्रेग पुढं झुकला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, आणि मिनाला नंतर तेच सगळ्यांत जास्त लागलं.

"मिना, हे केवढं प्रभावी आहे," तो म्हणाला. "तुझे वडील हे कॅमेऱ्यासमोर सांगतील का? ट्रेलरच्या आधी आपण एक छोटी फिल्म करू."

तिनं योगेशकडं पाहिलं. तो टेबलावरची बाटली फिरवत होता. "आम्ही विचार करून सांगतो," तो ग्रेगला म्हणाला.

मिना त्याच आठवड्यात नाक्याला आली आणि तिनं बापाला सगळं सांगितलं. धर्मसिंग गल्ल्यावरून उठला, मागं जाऊन तोंड धुऊन आला.

"म्हंजे माझा आजा चोर होता हे आता जगभरची लेकरं खेळून खेळून शिकनार," तो म्हणाला. "आन् ते सांगायला मीच जायचं, व्हय? लई भारी. इंग्रजाला येवढं सुचलं नव्हतं."

"मी राजीनामा देते, बा."

"दे. पर खेळ थांबंल का त्यानं?"

थांबणार नव्हता. करारानं खेळ, नाव, बैल, आवाज सगळं कंपनीचं झालं होतं, आणि ते मिनाला सही करतानाच माहीत होतं. मिनानं तरी राजीनामा दिला; योगेशनं मात्र कंपनीतच राहायचं ठरवलं. फोनवर तो म्हणाला, "मी सोडलं तर चाळीस जण रस्त्यावर येतीन. त्यातले सहा आपले हायेत. मी आत असलो तर निदान ते नाव तरी बदलून घेईन."

"तू नाव बदलशील आणि ते बंदूक ठेवतील," मिना म्हणाली.

"तुला सोपं हाय. तुला ढाबा हाय."

त्यानंतर लग्नाची गोष्ट कुणी काढली नाही. योगेशच्या आईनं एकदा निरोप धाडला, नानीबाईनं तो ऐकून घेतला आणि तसाच गिळला.

ट्रेलर निघाला तेव्हा नाव खरंच बदललेलं होतं. नुसतं 'तांडा' होतं. सुरुवातीला काळोख, मग नानीबाईची ती लांब हाळी, आणि हाळी संपायच्या आत बंदुकीचा बार. लाखो लोकांनी तो पाहिला. ढाब्यावर कुणीतरी मोबाईलवर लावला. नानीबाईनं आवाज ओळखला, बार ऐकला आणि विचारलं, "कोन मेलं?"

मिना म्हणाली, "कुणी नाही, आत्या. तसंच असतं ते."

त्या वर्षाच्या शेवटी वारं फिरलं. पश्चिमेत एकामागून एक प्रचंड खर्चाचे खेळ पडले. दरोडेखोरांचे खेळ इतके निघाले की लोकांना शिसारी आली. प्रकाशक कंपनीनं एका सकाळी हातातले निम्मे खेळ रद्द केले, 'तांडा' त्यात होता. पुण्यातल्या चाळीस जणांना एका व्हिडिओ मीटिंगमध्ये बोलावलं, सगळ्यांचे माईक बंद ठेवले, आणि ग्रेगच्या जागी आलेल्या कुणा बाईनं कागदावरून वाचून दाखवलं. दुपारपर्यंत कुणाचीच हजेरीची कार्डं चालेनात. तांड्यातल्या पोरांनी डबे परत घेतले आणि बस पकडली.

मिनाला बातमी कळली तेव्हा पहिल्यांदा, लाज वाटावी इतका, आनंद झाला. मेलेला खेळ त्यांना काय करायचा? तिनं कंपनीला लिहिलं, माझा पहिला डेमो आणि त्याचे हक्क परत द्या, वाटलं तर विकत द्या. दोन महिन्यांनी कायदेखात्याचं सभ्य उत्तर आलं. हा प्रकल्प हिशेबात बुडीत दाखवलेला आहे. त्यावर करात सवलत घेतलेली आहे. बुडीत दाखवलेली वस्तू पुन्हा विकता किंवा देता येत नाही. तिनं ते पत्र तीनदा वाचलं. खेळ जिवंत असण्यापेक्षा मेलेला असणं त्यांना जास्त परवडत होतं.

मग ती हातोरीकडं वळली. तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी मान खाली घालणं आलं, पण मिनानं ती घातली. हातोरी पडद्यावर आली. केस पांढरे झाले होते, मागं वेगळंच ऑफिस दिसत होतं.

"मी पुन्हा नव्यानं करू शकते," मिना म्हणाली. "बैल नकोत, लदेणी नको. फक्त हाक ठेवून. दुसरं जनावर, दुसरा मुलूख. बाजार नाही, काही नाही. तुम्ही सांगाल ते कापते."

हातोरीनं नकारार्थी मान हलवली.

"माझा तो विभाग गेल्या वर्षी बंद झाला," ती म्हणाली. "मूळ कंपनीला पश्चिमेतल्यासारखं मोठं व्हायचं होतं. एक अवाढव्य खेळ काढला, तो बुडाला, आणि नुकसान भरून काढायला लहान विभाग बंद केले. मी आता मोबाईलच्या खेळावर आहे. मुलं पैसे भरतात आणि चिठ्ठी उघडतात. आत कुठलं पात्र निघेल ते ठरवणं माझं काम."

"आणि माझी जी जागा तुम्ही धरून ठेवली होती..."

"चार महिन्यांनंतर दुसऱ्या कुणाला दिली. ओसाकाचा एक मुलगा. पंख्याच्या वाऱ्यावर कागद उडवायचा खेळ. छान झाला. फार कुणी घेतला नाही." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हा फार कोरडेपणानं बोलले. बाजाराबद्दल. आधी हाकेबद्दल अजून बोलायला हवं होतं."

मिनाला वाटलं, ही बाई एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलली असती तर. आणि लगेच वाटलं, तरीही आपण ग्रेगकडंच गेलो असतो.

उन्हाळ्यात योगेश आला. मोटारसायकल विकली होती म्हणून एसटीनं आला. वजन उतरलं होतं. धर्मसिंगनं त्याला जेवायला वाढायला सांगितलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. मिना समोर बसली.

"मला हैदराबादला काम लागून राहिलं," योगेश म्हणाला. "गाड्यांच्या शर्यतीचा मोठा खेळ हाय, विलायतचाच. त्यायला आर्टिस्ट पायजेत. तुझं नाव सांगू का?"

"पुन्हा तेच?"

"दुसरं हाय काय, मिने?" त्यानं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "मी रोज भांडलो. तुला वाटतं न्हाई भांडलो. नावासाठी भांडलो, बैलासाठी भांडलो. एक एक गोष्ट हारत गेलो आन् दर टायमाला म्हनलो, बाकीचं तरी वाचलं."

"तू तेव्हा सोडलं असतंस तर?"

"तर दुसऱ्यानं केलं असतं."

"व्हय. पण ते दुसऱ्यानं केलं असतं," मिना म्हणाली. "मला ट्रेलर बघताना तुझं नाव दिसलं नसतं."

तो जेवण तसंच ठेवून उठला, हात धुतले, धर्मसिंगच्या पायाला हात लावला. वाशिमची गाडी आली. चढताना त्यानं वळून विचारलं, "नाव सांगू का मग?"

"नको," मिना म्हणाली.

पण पावसाळा सरता सरता तिनंच अर्ज पाठवला. ढाबा बापाचा होता, तिचा नव्हता, आणि पोळ्यांचं पीठ मोजण्यात तिचं मन रमत नव्हतं. मुलाखत घेणारा हैदराबादचा पोरगा तिच्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल, बोलायला अदबशीर.

"मॅडम, मधली चार वर्षं तुम्ही कोणत्या खेळावर होता?"

"सांगता येत नाही. करारात मनाई आहे."

"काही चित्रं? एखादी क्लिप?"

"तीही दाखवता येत नाहीत."

"खेळ बाजारात आला का?"

"नाही."

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. अशी माणसं त्याच्याकडं रोजच येत असावीत. कामाची परीक्षा म्हणून त्यानं तिला एक वस्तू करून पाठवायला सांगितली, ती तिनं दोन दिवसांत केली, आणि नोकरी लागली. घरूनच काम करायचं होतं. शर्यतीच्या गाड्यांचे टायर तिच्या वाट्याला आले. नवे, झिजलेले, चिखलातले, तापून धूर निघणारे. योगेश त्याच कंपनीच्या हैदराबादच्या ऑफिसात होता, पण मीटिंगमध्ये दोघं एकमेकांना 'योगेश सर', 'मिना मॅडम' म्हणत आणि कामाचं बोलून फोन ठेवत.

धर्मसिंगला मात्र पुन्हा सांगायला काहीतरी झालं. "पोरगी आता टायरात हाय," तो गल्ल्यावरून सांगायचा. एका दुपारी अकोल्याकडं निघालेला एक ड्रायव्हर जेवून हात पुसत त्याच्यापाशी बराच वेळ बोलत उभा राहिला. मग धर्मसिंग जिन्यापाशी आला आणि वर तोंड करून हाक मारली.

"मिना, हे आपले जुने गिऱ्हाईक हायेत. विचारून राहिले, तुझ्या कंपनीतून सहा टायर थोडे सवलतीत भेटतीन का?"

मिना दारात आली. खाली तो ड्रायव्हर आशेनं वर बघत होता. बापाची मान अभिमानानं ताठ होती.

"विचारून सांगते, बा," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.